जरबेऱ्यावरचे फुलकिडे हटतच नाहीत: औषध चुकतंय की आणखी काही?

पानाआड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. जरबेऱ्याचं पॉलीहाऊस आहे, लागवडीला चौदा महिने झाले. गेल्या दोन महिन्यांत फुलकिड्यांनी जीव नकोसा केलाय. पाकळ्यांवर पांढुरक्या रेघा, गडद गुलाबी फुलांवर तर त्या लांबूनही दिसतात. पानाच्या मागे चंदेरी चट्टे आणि त्यावर काळे बारीक ठिपके. फूल तळहातावर झटकलं की छापील स्वल्पविरामाएवढे पिवळसर किडे सैरावैरा पळतात.

दर चार दिवसांनी फवारतेय आणि तेही औषध बदलून: आधी इमिडाक्लोप्रिड, मग थायमेथोक्झाम, मग ॲसिटामिप्रिड, मध्ये एकदा लॅम्डा सायहॅलोथ्रिन. दोन दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. आता तर काही पानं फिकट, ठिपक्याठिपक्यांची झालीत आणि त्यांच्यामागे बारीक जाळी दिसतेय. हा नवा रोग आहे का? आता नेमकं कोणतं औषध मारू, कृपया सांगा.

गादीवाफा

ताई, औषधाचं नाव नंतर. आधी थोडं विचारतो. खुडलेली, खराब झालेली फुलं आणि पानं कुठे टाकता? दार एक आहे की दोन दारांमध्ये मोकळी खोली सोडली आहे? चिकट सापळे किती आणि कधी बदलले? फवारणी किती वाजता करता, आणि नोझल पानाच्या खालून फिरवता का?

पानाआड

काका, खुडलेली फुलं दोन बेडच्या मधल्या वाटेत टाकते आणि आठवड्याने गोळा करते. दार एकच. पिवळे सापळे चार आहेत, बदलून महिना झाला असेल, आता धूळच जास्त चिकटली आहे. फवारणी सकाळी अकराच्या सुमारास, वरूनच.

भिंगवाली

पानाआड ताई, तुम्ही दिलेल्या माहितीतच बरंचसं उत्तर आहे. जरा सविस्तर लिहिते.

फुलकिड्याची मादी अंडी पानाच्या आणि पाकळीच्या पेशीत खुपसून घालते. म्हणजे अंड्याला फवाऱ्याचं पाणी लागतच नाही. पिलं बाहेर येतात, फुलात नाहीतर पानामागे खरवडून रस शोषतात. यानंतरचा भाग बहुतेकांच्या लक्षात येत नाही: पूर्ण वाढलेली पिलं खाली मातीत किंवा पालापाचोळ्यात उतरतात आणि तिथे कोषात जातात. कोष काही खात नाही, हलत नाही आणि औषधाच्या टप्प्यातही येत नाही. साधारण २५ अंश तापमानात अंड्यापासून प्रौढापर्यंतचा फेरा दोन आठवड्यांच्या आसपास पुरा होतो. त्यामुळे कुठल्याही एका दिवशी फवारलंत तरी निम्मी पिढी तुमच्या हाताबाहेर असते, काही पेशीत आणि काही मातीत. पाचव्या दिवशी दिसणारे किडे हे औषधाने न मेलेले असतीलच असं नाही. त्यातले बरेचसे त्या दिवशी नव्याने बाहेर आलेले असतात.

वाटेत टाकलेली फुलं आता याच नजरेने पाहा. त्या फुलांतली पिलं मरत नाहीत, उतरून तिथेच मातीत जातात. फुलं खुडून तुम्ही त्यांना कोषाच्या जागेपर्यंत पोचवताय. फूल खुडलं की थेट पिशवीत, पिशवीचं तोंड बंद, आणि पिशवी त्याच दिवशी बाहेर. फवारणी न करताही या एका गोष्टीने फरक दिसतो.

औषध बदलण्याबद्दल: इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम आणि ॲसिटामिप्रिड ही तीन नावं असली तरी किड्याच्या शरीरात तिघांचं काम करण्याचं ठिकाण एकच. कीटकनाशकांचे गट क्रमांकाने ओळखतात, ही तिन्ही ४ए मधली. म्हणजे तुम्ही औषध बदललंच नाही, बाटली बदलली. ज्यांच्यात त्या गटाला दाद न देण्याचा गुण होता तेवढेच किडे दर वेळी मागे राहिले आणि त्यांचीच पिढी वाढली.

आणि जाळी हा रोग नाही, तो लाल कोळी आहे. कोळी हा कीटक नव्हे, आठ पायांचा प्राणी आहे. तुम्ही मारलेल्या ४ए गटातल्या औषधांनी तो मरत नाही. लॅम्डा सायहॅलोथ्रिन या पायरेथ्रॉइड गटातल्या औषधाने मात्र कोळ्यांना खाणारे मित्रकीटक साफ होतात, आणि मग कोळी मोकळे सुटतात. पायरेथ्रॉइडनंतर कोळी उसळणं हा अनेकांचा अनुभव आहे.

कळीकळी

भिंगवाली ताईंच्या प्रतिसादाला +१. गटाचं माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. आता शेडच्या दारामागे एक तक्ता लावलाय: तारीख, औषधाचं तांत्रिक नाव, गट क्रमांक, कशासाठी मारलं. व्यापारी नाव लिहीतच नाही. त्याने फसगत होते, एकच घटक दहा नावांनी येतो. स्पिनोसॅड आणि स्पिनेटोरमही एकाच गटातले, ५ मधले. फिप्रोनिल २बी, सायॲन्ट्रानिलीप्रोल २८. एका पिढीपुरता म्हणजे साधारण दोन आठवडे एकच गट, त्यात पाच ते सात दिवसांच्या अंतराने दोन-तीन फवारण्या, आणि पुढच्या पिढीला दुसरा गट. दर फवारणीला गट बदलायचा नाही. तसं केलं तर एकाच पिढीला सगळ्या गटांची ओळख होते.

मात्र तुमच्या पिकावर आणि बंदिस्त जागेत त्या औषधाची शिफारस आहे का, हे लेबलवर वाचूनच. मात्राही लेबलवरचीच.

ओलीमाती

मी रसायनं जवळजवळ बंद केली आहेत. निंबोळी तेल आणि कीटकनाशक साबण यांवर आमचं चाललंय. ताईंनी तेच करावं असं मला मनापासून वाटतं.

भिंगवाली

ओलीमाती दादा, साबण चांगलाच आहे, पण त्याची मर्यादा सांगायला हवी. साबण किड्याच्या अंगाला ओला असताना लागला तरच काम करतो. सुकल्यावर त्याचा काही उपयोग नाही. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकणाची नुकती बाहेर पडलेली पिलं यांच्यावर तो छान चालतो, कारण ती उघड्यावर असतात. फुलकिडा पाकळ्यांच्या घडीत आणि जरबेऱ्याच्या मधल्या चकतीत दडून बसतो, तिथवर साबण पोचतच नाही. शिवाय फुललेल्या पाकळ्यांवर साबण आणि तेल दोन्हींचे डाग पडतात. आधी दोन-चार रोपांवर मारून दोन दिवस थांबावं, मग बाकीच्यांवर.

ओलीमाती

मान्य. माझ्याकडे पानांची शोभेची झाडं आहेत, फुलं नाहीत. त्यामुळे डागांचा प्रश्न मला कधी आला नाही.

गादीवाफा

आता माझे मुद्दे. ताई, चार सापळे फार कमी, आणि धुळीने भरलेला सापळा नसल्यासारखाच. सापळा किडे संपवण्यासाठी लावत नाहीत, मोजण्यासाठी लावतात. पिकाच्या शेंड्याच्या किंचित वर लटकवा आणि पीक वाढेल तसा वर सरकवा. दारापाशी आणि कर्टनच्या (बाजूच्या गुंडाळता येणाऱ्या पडद्याच्या) कडेला एकेक हवाच, कारण कीड आधी तिथूनच येते. पांढरी माशी, मावा, नागअळीची माशी यांना पिवळा. फुलकिड्यांना निळाही आवडतो, पण मी पिवळेच लावतो, कारण एकाच पत्र्यावर सगळं मोजता येतं. ज्यांना फक्त फुलकिडेच पाहायचे आहेत त्यांनी निळे लावावेत. आठवड्यातून एका ठरलेल्या वारी मोजायचे, आकडा वहीत लिहायचा, पत्रा बदलायचा. आकडा चढू लागला की फुलांवर रेघा दिसण्याआधीच कळतं.

कोळी मात्र सापळ्यावर सापडणार नाही, त्याला पंख नाहीत. त्याच्यासाठी पांढरा कागद पानाखाली धरून पान टिचकीने झटकायचं. कागदावर पडलेले कण चालू लागले की समजायचं. दहापट भिंग असेल तर अंगावरचे दोन काळे डागही दिसतात. उष्ण आणि कोरडी हवा त्याला फार मानवते. तीस अंशांच्या आसपास आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार होते. पंख्याच्या तोंडाशी किंवा फॉगरचं (धुक्यासारखे बारीक तुषार सोडणाऱ्या यंत्रणेचं) पाणी न पोचणाऱ्या कोपऱ्यातली रोपं आधी तपासा, सुरुवात तिथेच होते.

औषधाबद्दल एक: हेक्सिथायाझॉक्स अंडी आणि पिलांवर चालतं, मोठ्या कोळ्यांवर नाही. जाळी धरेपर्यंत वाट पाहून तेच एकटं मारलं तर निराशा होईल.

फवारणी अकराला नको. तोवर आत तापलेलं असतं, पानं भाजतात आणि थेंब पानावर पसरायच्या आत सुकतो. संध्याकाळीही नको, रात्रभर पानं ओली राहतात. पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत संपवा. आणि नोझल खालून वर. कोळी, पांढरी माशी, फुलकिडे सगळे पानाच्या पाठीमागेच असतात.

नवा_कोंब

मध्येच विचारतो, माफ करा. माझं छोटंसं काचघर आहे, कुंड्यांत ऑर्किड आणि फर्न. कोकोपीटवर काळ्या नाजूक माश्या चालताना दिसतात, उडतात पण फार नाही. रोपांच्या कटिंग्ज बुडाशी कुजतायत. दोन्हींचा संबंध आहे का?

भिंगवाली

आहे. ही बुरशीवर जगणारी माशी. मोठी माशी काही नुकसान करत नाही, नुकसान करते तिची अळी. अंग काचेसारखं पारदर्शक, डोकं काळं चकचकीत. ती ओल्या माध्यमात राहते आणि कोवळी मुळं, कटिंगचा नुकता धरलेला बुडखा कुरतडते. त्या जखमांतून पिथियमसारख्या बुरशी आत शिरतात.

खात्री करायची असेल तर कच्च्या बटाट्याची चकती माध्यमावर दाबून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी उलटून पाहा. अळ्या चकतीच्या खाली गोळा झालेल्या सापडतील. उपाय पाण्यापासून सुरू होतो: वरचा थर सुकू द्या, बेंचखालचं शेवाळ खरवडून काढा, तुंबलेली गटारं मोकळी करा. त्याउपर लागलं तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस या उपयोगी जिवाणूची आळवणी (पाण्यात मिसळून मुळाशी ओतणं), किंवा स्टाइनरनेमा फेल्टी हे उपयोगी सूत्रकृमी. दोन्ही अळीवर चालतात, उडणाऱ्या माशीवर नाही, म्हणून काही आठवडे धीर धरावा लागतो.

कळीकळी

धागा फुलकिड्यांचा आहे हे मान्य, पण बंदिस्त जागेत माझं सगळ्यात जास्त नुकसान बुरशीने केलंय, म्हणून ते लिहिते. माझ्याकडे गुलाब आहे.

पहिल्या वर्षी पानांवर जांभळट, शिरांमध्ये कोंडलेले कोनदार डाग आले. मला वाटलं औषधाने पान भाजलं. चार दिवसांत खालची पानं हात लावताच गळायला लागली. कुणीतरी भुरी म्हणाल्यावर मी गंधक मारलं. गंधकाचा काडीचा उपयोग झाला नाही, कारण तो केवडा होता, म्हणजे डाऊनी. इंग्रजी नावं (पावडरी मिल्ड्यू, डाऊनी मिल्ड्यू) सारखी वाटतात म्हणून दोन्ही एकाच कुळातले असतील असं मी धरून चालले होते. तसं मुळीच नाही. भुरी पानाच्या वर पिठासारखी दिसते, कोवळी पानं वाकडी करते, आणि तिला उगवायला पानावर पाणी लागत नाही. उलट पानावरच्या पाण्याने तिचे बिजाणू खराब होतात. केवड्याला मात्र पान ओलं असावंच लागतं, आणि हवा थंड-दमट असली की तो एका रात्रीत पसरतो. भुरीला गंधक चालतं, केवड्याला मेटॅलॅक्झिलसारखी वेगळी औषधं लागतात. आणि गंधकही तीस-बत्तीस अंशांच्या वर मारू नये, तेलाच्या फवारणीनंतर तर दोन आठवडे जाऊ द्यावेत, नाहीतर पानं होरपळतात.

तेव्हापासून मी औषधापेक्षा दवाच्या मागे लागले. संध्याकाळी आत २५ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर पान सुमारे १९ अंशांवर आलं की त्यावर दव धरायला लागतं. निरभ्र रात्री पान आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं, त्यामुळे ही वेळ आपल्याला वाटते त्याच्या आधीच येते. सूर्य मावळायच्या आधी सगळं बंद करून आपण दिवसभराची वाफ आत कोंडतो, मग पहाटे प्लॅस्टिकवरून थेंब ठिबकतात आणि कळ्यांवर पडतात. करडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस, नेमकी याच ओलाव्यावर जगते. पाकळ्यांवर आधी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, मग अख्खी कळी तपकिरी आणि तिच्यावर राखाडी लव.

आता मी मावळतीला वरची खिडकी थोडी उघडी ठेवते आणि आतल्या पंख्यांनी हवा फिरती ठेवते. बाहेरची हवा दमट असली तरी ती गार असते, आणि आत येऊन तापली की कोरडी होते. १५ अंशांची ९५ टक्के आर्द्रतेची हवा २२ अंशांवर आली की तिची आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास उतरते. पाणी फक्त सकाळी. खालची पिवळी पानं आणि छाटणीचे सुकलेले खुंट ठेवत नाही, करडी बुरशी तिथेच मुक्कामाला असते. बुरशीनाशक बंद नाही झालं, पण निम्म्याहून कमी लागतं.

पानाआड

कळीकळी ताई, हे वाचून आज संध्याकाळी पहिल्यांदा थर्मामीटर घेऊन आत बसले. साडेसातला प्लॅस्टिकच्या आतून थेंब धरायला लागले. आजवर पहाटेचं पाणी पाहून मी फॉगर गळतोय असं समजत होते.

जाळीबद्दल विचारायचं होतं. बाजूने ४० मेशची (इंचाला ४० भोकांची) जाळी आहे, मग फुलकिडे आत येतातच कसे?

गादीवाफा

त्या जाळीतून फुलकिडा सहज येतो. त्याला अडवायचं तर भोक ०.१९ मिलिमीटरच्या आसपास हवं. तंबाखूवरची पांढरी माशी ०.४६ ला अडते, नागअळीची माशी ०.६४ ला. पण बारीक जाळी लावली की वारा कमी होतो, आत तापतं, दमट होतं, आणि कळीकळी ताईंनी लिहिलेलं सगळं सुरू होतं. लावायचीच तर जाळीचं क्षेत्र वाढवावं लागतं, नुसती बदलून भागत नाही. मी ती फक्त वाऱ्याच्या बाजूला आणि दाराच्या खोलीला लावली. दुहेरी दार मात्र लगेच करा, दुसऱ्यात शिरताना पहिलं बंद असलंच पाहिजे. आणि बाहेर भिंतीलगतचं तण काढा, फुलकिड्यांचं ते घरच असतं. नवी रोपं आणाल ती दोन-तीन आठवडे वेगळ्या जागी ठेवा. बहुतेक कीड पंखांनी येत नाही, आपणच ट्रेमधून उचलून आणतो.

भिंगवाली

एक भीती राहून गेली. एखाद्या रोपाच्या पानांवर पिवळी वलयं, वेडीवाकडी नक्षी, वाकडं फूल दिसलं तर ते विषाणूचं असू शकतं. टोमॅटो स्पॉटेड विल्टचा विषाणू फुलकिड्यांमार्फतच पसरतो. तो फक्त कोवळ्या पिलांना रोगट पानातून घेता येतो, आणि मग तो किडा मोठा झाल्यावर मरेपर्यंत पसरवत राहतो. त्यावर औषध नाही. ते रोप हळहळ न करता उपटून पिशवीत घाला.

ओलीमाती

मित्रकीटक सोडण्याबद्दल कुणी अनुभव लिहाल का?

गादीवाफा

लिहितो. शेजारच्या भागात थोडी शोभेची झाडं आहेत, त्यांवरच्या पांढऱ्या माशीसाठी एन्कार्सिया फॉर्मोसा ही गांधीलमाशीच्या कुळातली इवलीशी माशी सोडली होती. ती पांढऱ्या माशीच्या पिलात अंडं घालते आणि ते पिलू काळं पडतं. पानाच्या पाठीमागे फिकट पिलांच्या मध्ये काळे ठिपके दिसू लागले तो दिवस मला अजून आठवतो. मी किती वेळ ते पान हातात धरून उभा होतो. या माशीचा वापर नवा नाही, इंग्लंडमध्ये १९२६ च्या सुमारास काचघरातल्या टोमॅटोवर अशीच काळी पिलं दिसली आणि तिथून तो सुरू झाला. पुढे डीडीटी आलं, माशी मागे पडली, आणि किडी औषधांना जुमानेनाशा झाल्यावर १९७० च्या दशकात तिला पुन्हा जागा मिळाली.

कोळ्यांसाठी फायटोसियुलस पर्सिमिलिस हा शिकारी कोळी आहे. तो लाल कोळ्याशिवाय फारसं काही खात नाही, आणि हवा फार कोरडी व तापलेली असली की ढेपाळतो. फुलकिड्यांच्या पिलांसाठी ॲम्ब्लिसियस स्विर्स्की. दोन्ही वेळेत सोडायला हवेत, कीड थोडी असताना. ताईंच्या आत्ताच्या अवस्थेत सोडणं म्हणजे त्यांचा जीव फुकट घालवणं. शिवाय पायरेथ्रॉइडचा अंश पानांवर कित्येक आठवडे राहतो, तोही निघून जाऊ द्यावा.

पानाआड (पाच आठवड्यांनी)

मंडळी, उशीर झाला, पण आकडे हाती आल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

पहिल्या दिवशी सगळी उमललेली फुलं खुडली, एकही ठेवलं नाही. हात जड झाला होता. पिशव्या बंद करून बाहेर. वाटांतला पाचोळा झाडून घेतला, बेडच्या वरच्या थरात ब्युव्हेरिया ही कीड मारणारी उपयोगी बुरशी दिली. कोळी धरलेल्या रोपांची खालची पानं काढली आणि स्पायरोमेसिफेन हे कोळीनाशक खालून नोझल धरून मारलं. फुलकिड्यांवर स्पिनोसॅड, सहा दिवसांच्या अंतराने दोनदा. पुढच्या पिढीला गट बदलला. सापळे चौदा लावले. पहिल्या आठवड्यात दारापाशच्या पत्र्यावर एकशे तीस मोजले, परवा अठरा. मधल्या बेडवर सहा-सात. कोळ्याची जाळी एका कोपऱ्यात उरली आहे, तिथे फॉगरचं नोझल बंद होतं, ते बदललं. नव्या फुलांवर रेघा जवळजवळ नाहीत.

पण पाचव्या बेडवर आठ रोपं अचानक मान टाकून बसली आहेत. पाणी दिलं तरी उठत नाहीत. ओढलं की रोप सहज हातात येतं.

भिंगवाली

ताई, त्यातलं एक रोप धुऊन घ्या. गड्डा (पानं फुटतात तो बुडखा) उभा कापून आत काळा-तपकिरी आहे का पाहा. मग एक मूळ चिमटीत धरून ओढा. वरची साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा उरला तर पिथियमची मूळकूज. गड्डाच काळा आणि मऊ असेल तर फायटोप्थोरा या दुसऱ्या कूज-रोगाची शंका आधी.

पानाआड

गड्डा काळा आहे, आणि मातीखाली गाडलेला आहे. बाकीच्या बेडवर गड्डा मातीच्या वर दिसतो, इथे नाही. पाचोळा साफ करताना वरची माती हलली आणि ती सगळी रोपांच्या बुडाशी सरकली.

गादीवाफा

हेच कारण. जरबेऱ्याचा गड्डा कायम मातीच्या वर, उघडा हवा. मातीत दबला की तिथे ओल साचते आणि कूज धरते. आठही रोपं मातीसकट काढा, खड्ड्यातली माती वाफ्याबाहेर न्या, तिथे लगेच नवी लागवड नको. उरलेल्या रोपांच्या गड्ड्याभोवतीची माती बोटांनी हलकेच मागे ओढा. ठिबकची नळी गड्ड्यापासून चार बोटं लांब सरकवा. मग त्या बेडला फायटोप्थोरासाठी शिफारस असलेल्या औषधाची आळवणी. आणि त्या बेडवर वापरलेली कात्री धुतल्याशिवाय दुसऱ्या बेडवर नेऊ नका.

पानाआड

आठ रोपं काढली. माती ओढताना अजून तीन गड्डे बुडाशी ओलसर दिसले, पण आतून पांढरे आहेत. त्यांना खुणेच्या काड्या लावून ठेवल्या आहेत. रविवारी पुन्हा कापून नाही, नुसतं हलवून पाहीन आणि इथे लिहीन.